मोबाइल कंपनीने न विचारता कापलेले पैसे परत कसे मिळवावेत

सांगलीत विश्रामबागेतल्या शेजाऱ्यांचे आणि तासगावकडच्या नातेवाइकांचे बरेच फोन मी आजवर या एका कामासाठी हातात घेतले आहेत, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी आधी कोणीतरी दिलेला चुकीचा सल्ला निस्तरावा लागला आहे. न मागितलेली सेवा बंद करून घेणे सोपे आहे. तिच्यापोटी कापलेले पैसे परत मिळवणे हे वेगळे काम आहे, आणि कंपनीचा प्रतिनिधी ही दोन कामे एकच असल्यासारखे बोलतो. सेवा बंद झाली की लोक समाधानाने फोन ठेवतात आणि रक्कम कंपनीकडेच राहते.

पहिल्यांदा कापलेली रक्कम नियमाने कापली आहे की नाही, हे पाहावे. शंभर रुपयांचा टॉपअप केल्यावर ८१ रुपये ७५ पैसेच शिल्लक दिसते, आणि यावरून मी दुकानदाराशी झालेली भांडणे पाहिली आहेत. त्यात दुकानदाराचा काही दोष नसतो, कारण १५ रुपये २५ पैसे हा १८ टक्के दराने जीएसटी असतो आणि उरलेले ३ रुपये प्रक्रिया शुल्क असते. दहा रुपयांच्या टॉपअपवर ७ रुपये ४७ पैसे मिळतात, कारण तिथे जीएसटीखेरीज प्रक्रिया शुल्क १ रुपयाच असते. २८ दिवसांच्या प्लॅनमुळे वर्षाला बाराऐवजी तेरा रिचार्ज करावे लागतात, हे मलाही खटकते, पण त्यावर पैसे परत मिळत नाहीत. त्यासाठी ट्रायने, म्हणजे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, २०२२ मध्ये प्रत्येक कंपनीला किमान एक ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या ठरावीक तारखेला नूतनीकरण होणारा प्लॅन ठेवायला लावले आहे. तो मागून घ्यावा. आपली तक्रार असते ती कॉलर ट्यून, राशिभविष्य, क्रिकेटचा स्कोअर, खेळ यांसारख्या सेवांच्या नावाने मुख्य शिलकीतून किंवा पोस्टपेड बिलातून परस्पर गेलेल्या रकमेबद्दल.

हे पैसे जातात कसे, हे मी माझ्या मावशीच्या फोनवर पाहिले. ती तासगावला बेदाण्याच्या शेडवर निवडणीला जाते. फोन साधा, बटणांचा. कामाच्या मध्ये वेळ पाहण्यासाठी तिने तो उचलला, की पडद्यावर आपोआप एक इंग्रजी संदेश आलेला असे, आणि खाली एका बाजूला ‘ओके’ व दुसऱ्या बाजूला ‘कॅन्सल’. बेदाण्याच्या गोडाने चिकट झालेल्या बोटाने ती मधले बटण दाबे आणि संदेश जाई. तो गेला म्हणजे तो नको असल्याचे आपण कळवले, अशी तिची समजूत होती. प्रत्यक्षात ती दर वेळी होकार देत होती. माझ्या मावसभावाने तिच्या फोनवर मारलेला शंभराचा टॉपअप असा थोडाथोडा करून संपला, आणि तिला फोन करणाऱ्यांना एका चित्रपटगीताची धून ऐकू येऊ लागली, जी तिने स्वतः कधीच निवडली नव्हती. मात्र असे एकदा बटण दाबले गेले, तरी तेवढ्याने कंपनीला पैसे कापता येत नाहीत. सेवा सुरू करण्यापूर्वी ग्राहकाची दुसरी, स्वतंत्र संमती घेतली पाहिजे, असा ट्रायचा जुलै २०१३ चा निर्देश आहे. पुढची सगळी तक्रार या एका मुद्द्यावर उभी करायची आहे.

सेवा बंद करण्यासाठी त्याच फोनवरून १५५२२३ या क्रमांकावर फोन करावा किंवा ‘स्टॉप’ हा इंग्रजी शब्द लिहून एसएमएस पाठवावा. पैसे कापल्याचे आणि सेवा बंद झाल्याचे एसएमएस पुसू नयेत. त्यांचे फोटो काढून ठेवावेत.

आता तक्रार. मी स्वतः इथेच फसलो होतो, म्हणून हा भाग सावकाश वाचावा. पहिल्या वेळी, आईच्या फोनसाठी, मी १२१ वर तीनदा फोन केला. तिन्ही वेळी वेगळा प्रतिनिधी, तिन्ही वेळी पहिल्यापासून सगळी हकिकत, आणि शेवटी तेच वाक्य: “सर, सर्व्हिस बंद केली आहे, आणखी काही मदत करू शकतो का?” चौथ्या वेळी मी आवाज चढवला, तेव्हा शेवटची एक कपात परत जमा झाली आणि थोड्याच वेळात तक्रारीचे निराकरण झाल्याचा एसएमएस आला. मला वाटले, बाकीचे पैसेही हळूहळू येतील. ते आले नाहीत, आणि मी पुन्हा चौकशी केली तोपर्यंत अपिलाची मुदत संपलेली होती. ते पैसे गेले ते गेलेच.

या प्रकारानंतर मी काही गोष्टी ठरवून टाकल्या आणि त्यांत कधी सूट देत नाही. तक्रारीसाठी १२१ लावायचा नाही. तो माहितीचा क्रमांक आहे आणि तिथे प्रतिनिधीशी बोलण्याचे शुल्कही लागू शकते. तक्रारीचा क्रमांक १९८, आणि तो निःशुल्क आहे. फोन ज्यांच्या नावावर आहे ती व्यक्ती शेजारी बसलेली असावी, कारण प्रतिनिधी तिचे नाव आणि पत्ता विचारतो. हकिकत सांगत बसू नये. कागदावर आधी लिहून ठेवलेली चार वाक्ये वाचावीत: “या क्रमांकावर मी न मागितलेली सेवा सुरू करून अमुक तारखेपासून अमुक रुपये कापले आहेत. माझी दुसरी संमती कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कोणत्या मार्गाने घेतली, त्याची नोंद मला द्यावी. कापलेली सर्व रक्कम परत मिळावी. याची तक्रार नोंदवून डॉकेट क्रमांक द्यावा.”

डॉकेट क्रमांक, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक, मिळेपर्यंत फोन ठेवायचा नाही. “बंद केली आहे ना सर” असे उत्तर आले, तर “बंद केल्याबद्दल आभार, आता रक्कम परत मिळण्याची तक्रार नोंदवा” एवढेच पुन्हा म्हणावे. रागावून काही उपयोग होत नाही. पलीकडचा मुलगा किंवा मुलगी पगारावर काम करते आणि पैसे कापण्याचा निर्णय तिचा नसतो. शेवटची एक कपात परत देण्याची तयारी दाखवली गेली तर ती घ्यावी, पण “ही अंशतः परतफेड आहे, उरलेल्या रकमेची तक्रार चालू ठेवा” हे शब्द स्पष्ट उच्चारावेत. आणि ‘निराकरण झाले’ असा एसएमएस आला, की त्या दिवसाची तारीख कॅलेंडरवर लिहावी, कारण अपिलाचे ३० दिवस तिथून मोजले जातात. माझी चूक नेमकी ही होती.

याच सुमारास कंपनीकडे तपशीलवार वापराचे बिल मागावे. प्रीपेड ग्राहकालाही ते मिळते, त्यासाठी ५० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि मागच्या सहा महिन्यांपर्यंतचेच मागता येते, म्हणून उशीर करू नये. मावशीच्या बिलात आम्हाला माहीत असलेल्या कॉलर ट्यूनखेरीज आणखी एक सेवा निघाली, जिचा एसएमएस तिने कधीच पुसून टाकला होता.

मग अपील. प्रत्येक कंपनीचे अपील प्राधिकरण असते आणि त्याचा पत्ता व ई-मेल तिच्या संकेतस्थळावर असतो. डॉकेट क्रमांक, बिलातील नोंदी आणि एकूण रक्कम लिहून एक पानी अर्ज पाठवावा. शुल्क नाही, आणि ३९ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. संमतीची नोंद मागूनही दिलेली नाही, हे वाक्य अर्जात पहिल्या परिच्छेदात असावे.

“सरळ ट्रायकडे तक्रार करा” हा सल्ला सर्रास दिला जातो आणि त्यात लोकांचे महिने जातात, कारण ट्राय नियम करते, एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. “नंबर पोर्ट करून टाका” हा सल्ला तर मला बिलकूल पटत नाही. पोर्ट केल्यावर उरलेली शिल्लक नव्या कंपनीकडे जात नाही, आणि कापलेल्या पैशांचा प्रश्न आहे तिथेच राहतो. तिसरा प्रकार धोक्याचा आहे: कंपनीचा ग्राहक सेवा क्रमांक इंटरनेटवर शोधणे. तिथे भामट्यांनी टाकलेले क्रमांक सापडतात, ते परतफेडीच्या नावाखाली ओटीपी मागतात, आणि पन्नास रुपयांच्या मागे लागलेल्या माणसाचे बँक खाते रिकामे होते. क्रमांक सिमच्या वेष्टनावरून किंवा कंपनीच्या अ‍ॅपमधूनच घ्यावा. चुकून ओटीपी सांगितला गेलाच, तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवावे.

अपिलातही न्याय मिळाला नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. मोबाइल कंपनीविरुद्ध तिथे जाता येत नाही, असे अजूनही काही जण सांगतात, पण सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये हा वाद निकाली काढला आहे. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही, आणि २०१९ च्या कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो तिथेच तक्रार करता येत असल्याने तासगावच्या माणसाला सांगलीच्या पुढे जावे लागत नाही. मावशीला तिथपर्यंत जावे लागले नाही. अपिलानंतर दोन्ही सेवांचे पैसे परत आले.

ते पैसे पुन्हा मुख्य शिलकीतच जमा होतात. त्यामुळे ते येण्याआधी फोनमधल्या सिमच्या मेनूत, स्मार्टफोन असल्यास ‘सिम टूलकिट’ या अ‍ॅपमध्ये जाऊन, आपोआप येणारे संदेश बंद करावेत. मावशीच्या फोनवर मी हे केले, तिच्याच हातून बंद करवून घेतले, आणि दुसऱ्या दिवशी ती शेडवर असताना फोन करून विचारले. पडद्यावर फक्त वेळ दिसत होती.