पॅलेट नाइफने समुद्र रंगवताय? या चुका टाळा

चित्रातलं पाणी मळकट दिसायला लागलं की आधी नाइफचं, म्हणजे रंग लावायच्या बोथट सुरीचं, पातं बघा. पात्याच्या पोटाला चिकटलेला मागचा हिरवा पुढच्या पांढऱ्यात उतरतो आणि फेसाला शेवाळी झाक येते. प्रत्येक फटकाऱ्यानंतर पातं पुसायचंच, कंटाळा आला तरी. रंगही पॅलेटवर एकजीव होईपर्यंत घोटू नका. अल्ट्रामरीन (गडद निळा), थोडा व्हिरिडियन (निळसर हिरवा) आणि पांढरा अर्धवट मिसळून उचलला, तर एकाच फटकाऱ्यात तिन्ही छटांच्या रेघा उमटतात आणि पाण्याला हालचाल येते.

सगळ्यात जास्त चित्रं बिघडतात ती फेसापाशी. ट्यूबमधला टायटॅनियम व्हाइट सरसकट थापला की फेस सपाट होतो. सावलीतला फेस निळसर राखाडी असतो. अल्ट्रामरीनमध्ये किंचित बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि भरपूर पांढरा घालून तो जमतो. आधी तो लावा. निव्वळ पांढरा अगदी शेवटी, ऊन थेट पडतं तेवढ्याच जागी. पसरलेल्या फेसाची जाळी हवी असेल तर खालचा थर वाळू द्या. मग पात्याच्या कडेवर थोडाच रंग घ्या, पातं जवळजवळ आडवं धरा आणि दाब न देता ओढा. रंग उंचवट्यांवर बसतो, खोलगट जागी खालचं पाणी दिसत राहतं. फटकारा तुटक आला म्हणून तो भरायला जाऊ नका. मला तरी ही चूक सगळ्यात महागाची वाटते. फ्रेंच चित्रकार गुस्ताव कूर्बेने १८६९च्या सुमारास रंगवलेल्या लाटा जरूर बघा, नाइफचं काम त्यांत उघड दिसतं.

ऊन मागून येत असेल तर लाटेचा माथा गडद करू नका. तिथे पाणी पातळ असतं, उजेड आरपार येतो, म्हणून माथ्याखाली उजळ हिरवा हवा.

जाड रंग पुढे, क्षितिजाकडे पातळ. सगळीकडे सारखाच थर दिला तर लांबचं पाणीही अंगावर येतं.

ताणलेला कॅनव्हास दाबाने आत जातो आणि मागच्या लाकडी पट्टीची रेघ चित्रात उमटते. प्रायमर (रंगाखालचं अस्तर) दिलेला बोर्ड बरा. नाहीतर कॅनव्हासमागे पुठ्ठा सरकवा.

ॲक्रिलिकमध्ये जाडी हवी असेल तर मॉडेलिंग पेस्ट (रंगाला जाडी देणारा घट्ट लगदा) मिसळा, पाणी नको. ऑइलच्या जाड थरावर साय धरली तरी आतला रंग ओलाच असतो, तो पुरता वाळायला कित्येक महिने लागतात. तोवर वॉर्निशचा डबा उघडू नका.