व्यसनमुक्तीसाठी तज्ज्ञ किती हवेत? आराखडा करताना या चुका टाळा

जिल्ह्याचा आराखडा करायला बसलं की आधी ओपीडीचं रजिस्टर उघडलं जातं. वर्षाला अमुक पेशंट, म्हणून तमुक डॉक्टर. पण रजिस्टरात नाव असतं ते आलेल्यांचंच. एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या पाहणीत (अहवाल २०१९) दारूमुळे मदतीची गरज असलेले ५.७ कोटी लोक निघाले. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्यांपैकी ३८ जणांमागे एकालाच काही ना काही उपचार मिळाले होते. उरलेले ३७ तुमच्या रजिस्टरात कुठून दिसणार?

जागा मंजूर झाली म्हणजे डॉक्टर मिळाला, हा दुसरा भ्रम. व्यसनोपचारातली डीएम, म्हणजे एमडीनंतरची वरची पदवी, एम्स, बंगळुरूचं निम्हान्स, चंदीगडचं पीजीआय अशा मोजक्याच ठिकाणी होते. एमबीबीएस साडेपाच वर्षं, एमडी तीन, डीएम आणखी तीन. नीट-पीजीच्या तयारीत गेलेली वर्षं वेगळीच. म्हणजे पाच वर्षांचा आराखडा तुम्ही यंदा बारावी झालेल्या मुलीच्या भरवशावर करताय!

तोवर वॉर्डात काय होतं? मांडीचं हाड मोडलेला माणूस भरती होतो, दारू एकदम बंद. तिसऱ्या रात्री हात थरथरतात, घाम फुटतो, चादरीवर नसलेल्या मुंग्या तो वेचू लागतो. बायको म्हणते, ‘ऑपरेशनची धास्ती घेतलीय त्यांनी.’ कुणीतरी गॉझपट्टीनं हात कॉटला बांधतं. हजर कोण? महिन्यापूर्वी रुजू झालेली मेडिकल ऑफिसर आणि एक सिस्टर. ‘शेवटची कधी घेतली?’ हे भरतीच्या दिवशीच विचारून लोराझेपाम (दारू तुटल्याचा त्रास शमवणारं औषध) आणि थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) वेळेत सुरू झालं असतं, तर ही रात्र बहुधा टळली असती. त्याला डीएम लागत नाही. म्हणून मोजदाद रात्रपाळीपासून सुरू करा. वर्षातून एकदा चहा-बिस्किटांचं वर्कशॉप घेण्यापेक्षा रात्री फोन उचलणारा एक तज्ज्ञ नेमून द्या.

समुपदेशक अकरा महिन्यांच्या करारावर ठेवू नका. पेशंटची आई फॉलोअपला येऊन विचारते, ‘आमचे ते सर कुठायत?’ सर विमा कंपनीत गेलेले असतात. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात बरे झालेले कितीतरी जण पुढे तिथेच कार्यकर्ते झाले. सरकारी आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या तक्त्यात, अशा माणसांसाठी रकाना मी तरी पाहिलेला नाही.

आणि आलेला तज्ज्ञ सहा महिन्यांत गेला, तर पगाराआधी त्याचा आठवडा तपासा. दिव्यांग प्रमाणपत्रं, कोर्टाच्या साक्षी, व्हीआयपी ड्युटी. व्यसनाची ओपीडी फक्त गुरुवारी, तीही दंतविभागाकडून उसन्या घेतलेल्या खोलीत.