तारखेचा एरर तेरा तारखेलाच का येतो

सोलापुरात राहून सॉफ्टवेअरची नोकरी धरली की सुरुवातीला चादरी-टॉवेलच्या कारखान्यांची बिले, आडत्यांच्या कांदापट्ट्या किंवा पतसंस्थांचे हप्ते यांचेच प्रोग्रॅम बहुधा हाताखाली येतात, आणि या सर्वांत तारीख चुकली की हिशोबच चुकतो. टेबल, जॉइन, इन्सर्ट हे तुम्हाला येते असे मी गृहीत धरते. मला ज्याने सर्वांत जास्त रडवले, त्या एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसमधल्या, मजकुराचे तारखेत होणाऱ्या रूपांतराबद्दलच येथे सविस्तर लिहीत आहे.

अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्याचा बिलिंग प्रोग्रॅम माझ्याकडे दुरुस्तीला आला होता. जानेवारीतली बिले बारा तारखेपर्यंत सुरळीत गेली आणि ऐन गड्ड्याच्या यात्रेच्या गडबडीत, तेरा तारखेला, ‘सेव्ह’ दाबताच २४२ क्रमांकाचा एरर येऊ लागला, अशी मालकांची तक्रार होती. व्हारचारचे (मजकुराचा प्रकार) डेटटाइम (तारीख-वेळेचा प्रकार) करताना मूल्य मर्यादेबाहेर गेले, असे एसक्यूएल सर्व्हर त्यात सांगतो. प्रोग्रॅम तारीख मजकूर म्हणून थेट क्वेरीत चिकटवत होता, आणि सर्व्हरवरील लॉगिनची भाषा अमेरिकी इंग्रजी असल्यामुळे ‘१३/०१/२०२४’ मधला पहिला आकडा महिना म्हणून वाचला जात होता. तेरावा महिना नसतो, म्हणून सर्व्हरने नकार दिला, आणि तो योग्यच होता. खरा घोटाळा आधीच होऊन गेला होता, कारण ‘०५/०१/२०२४’ चे बिल कोणतीही कुरकुर न होता १ मे या तारखेला जमा झाले होते. एरर आला तर देवाचे आभार माना. ज्या दिवशी तो येत नाही, त्या दिवसाची नोंद आधी तपासा.

अशा वेळी कोणीतरी अनुभवी सहकारी ‘वर सेट डेटफॉरमॅट डीएमवाय टाक आणि मोकळी हो’ असा सल्ला हमखास देतो. असा सल्ला देणाऱ्याला चहा पाजावा, पण त्याचे ऐकू नये. तारीख दिवस-महिना-वर्ष अशी वाचायला सांगणारी ती ओळ त्या एका सेशनपुरतीच, म्हणजे सर्व्हरशी त्या वेळच्या जोडणीपुरतीच, लागू होते. दुसऱ्या लॉगिनने चालणारा रिपोर्ट पुन्हा जुन्याच पद्धतीने तारीख वाचतो. वर्ष आधी लिहिले की सुटलो, हाही भ्रमच आहे. लॉगिनची भाषा ब्रिटिश इंग्रजी असेल, तर ‘२०२४-०१-०५’ सुद्धा जुन्या डेटटाइम प्रकारात १ मे होते. डेट आणि डेटटाइम२ या प्रकारांना, जे २००८ च्या आवृत्तीत आले, ही बाधा होत नाही. मजकूरच लिहिणे भाग असेल, तर ‘२०२४०१०५’ असे मध्ये काही न घालता लिहावे. परंतु प्रोग्रॅममधून तारीख पॅरामीटर म्हणून, म्हणजे क्वेरीच्या मजकुरात न चिकटवता वेगळे मूल्य म्हणून पाठवली, तर मजकुराचा प्रश्नच उरत नाही.

घाबरून जाऊ नका, एवढे कळले की निम्म्याहून अधिक तक्रारी सुटतात. एक्सेलमधून आलेल्या मजकुरासाठी ट्राय_कन्व्हर्ट हे रूपांतराचे फंक्शन वापरून त्याला १०३ ही शैली द्यावी, म्हणजे दिवस आधी वाचला जातो आणि न जुळणारी तारीख नल (रिकामे मूल्य) होऊन वेगळी काढता येते. तारीख वैध आहे का हे सांगणाऱ्या इजडेट या फंक्शनवर मात्र विसंबू नये; नुसत्या ‘२०२४’ लाही ते वैध म्हणते. डॉटनेटमध्ये (मायक्रोसॉफ्टचे प्रोग्रॅम लिहिण्याचे साधन) तारीख भरायची राहिली, तर तिचे मूल्य १ जानेवारी ०००१ असते आणि डेटटाइम १७५३ च्या आधीचे काही स्वीकारत नाही, तेव्हा त्या एररमागे बहुधा रिकामी राहिलेली तारीखच असते.

आर्थिक वर्षाचा रिपोर्ट काढताना ३१ मार्चला ‘२३:५९:५९.९९९’ ही वेळ लिहिण्याची खोड अनेकांना असते. डेटटाइम ती वेळ पुढे सरकवून १ एप्रिलची मध्यरात्र करते, आणि केवळ तारीख साठवलेली नव्या वर्षाची पहिली बिले जुन्या वर्षात येऊन बसतात. ‘१ एप्रिलपेक्षा कमी’ अशी अट लिहावी.

आधीच उलटलेल्या नोंदी कोणतेही फंक्शन आपोआप ओळखू शकत नाही, कारण १ मे ही तारीखही वैधच आहे. त्या कारखान्याच्या बाबतीत बिलांचे अनुक्रमांक उपयोगी पडले. क्रमांक ओळीने वाढत होते, पण तारखा फेब्रुवारी, मार्च, एप्रिल अशा उड्या मारत होत्या. तेवढ्याच ओळी वेगळ्या काढून, बॅकअप घेऊन, छापील बिलांशी पडताळून दिवस आणि महिना अदलाबदल केला. हे काम रटाळ आहे, आणि मालक शेजारी बसलेले असताना तर फारच लांबते.