घरच्या हातांनी लग्न कसं करावं, आणि मंगलाष्टका कशा लिहाव्यात

लग्न घरच्या हातांनी करायचं म्हणजे सगळंच घरी करायचं, असं नाही. हा गैरसमज आधी डोक्यातून काढा. नाहीतर आदल्या रात्री अर्धं घर कागदी फुलं चिकटवत बसतं, नवरीच्या बोटांना फेविकॉल लागलेला असतो आणि हळदीची वाटी कुठे ठेवली ते कुणालाच आठवत नाही. मोबाईलवरच्या व्हिडिओंत हे फार छान दिसतं. त्यात पाव्हणे नसतात.

माझा नियम साधा आहे. जे महिनाभर आधी करून कपाटात ठेवता येतं ते हाताने करा. जे लग्नाच्या सकाळी ताजं लागतं ते पैसे देऊन घ्या. त्यामुळे जेवणाचा नाद करू नका, आचाऱ्याला द्या. वरमाला हारवाल्याकडूनच घ्या. निशिगंध आणि गुलाब घरी ओवून रात्रभर ओल्या फडक्यात ठेवण्याचा हट्ट सकाळी काळ्या पडलेल्या पाकळ्यांवर संपतो. आणि एप्रिल-मे महिन्यात कोल्हापुरात उघड्यावर लग्न असेल तर मांडवात कागदाची एकही वस्तू टांगू नका. चार वाजता वळीव आला की झालं. केळीचे खांब, आंब्याचे डहाळे, बुरडाकडची सुपं आणि परड्या लावा. भिजल्या तरी शोभा जात नाही.

पत्रिका

घरात ज्याचं अक्षर चांगलं आहे त्याच्याकडून काळ्या शाईने एकदा लिहून घ्या, स्कॅन करा आणि प्रेसमध्ये जाड खाकी कागदावर छापून घ्या. दोनशे पत्रिका हाताने लिहायच्या गप्पा पंचविसाव्या पत्रिकेला थांबतात. मजकुरात कविता, चित्र, काय हवं ते घाला, पण दोघांची पूर्ण नावं, तारीख आणि लग्नस्थळाचा पूर्ण पत्ता छापाच. का ते शेवटी सांगते.

अंतरपाट, मुंडावळ्या, अक्षता

अंतरपाटाला मांजरपाट किंवा साधं सुती कापड घ्या. इचलकरंजी हाकेच्या अंतरावर आहे, कापडाला तोटा नाही. मधोमध स्वस्तिक, कडेला तुम्हाला हवी ती नक्षी. फॅब्रिक कलर पूर्ण वाळल्यावर उलट्या बाजूने इस्त्री फिरवा. आरसे, घुंगरं, लेस लावून तो जड करू नका, कारण धरणाऱ्यांचे हात वर असतात आणि मंगलाष्टका संपेपर्यंत ते खाली येत नाहीत.

मुंडावळ्या मोत्यांच्या करा, दोरी हवी त्यापेक्षा वीतभर लांब ठेवा. फेट्यावरून बांधताना ती हमखास कमी पडते.

अक्षता: तांदूळ, थेंबभर तूप, हळद-कुंकू. सावलीत वाळवा. बाजारच्या भडक रंगाच्या अक्षता घामाने ओल्या शर्टावर पडल्या की डाग जात नाही. आणि माणशी चिमूटभरच द्या. बाकी पुडीत पाकळ्या.

रुखवत

थर्माकोलचा महाल नको. कोल्हापुरी गुळाची ढेप, घरची कांदा-लसूण चटणी, सांडगे, पापड, एखादी हाताने शिवलेली गोधडी. नवरा-नवरीच्या पुढच्या सहा महिन्यांत जे संपेल किंवा वापरलं जाईल तेच ठेवा.

मंगलाष्टका

आता खरं काम. पाचशे माणसं एकाच वेळी गप्प बसून एकच गोष्ट ऐकतात, असा लग्नात हा एवढाच वेळ असतो. आणि नेमका इथेच बहुतेक जण तयार मजकूर घेतात आणि नावं बदलून टाकतात. नाव बदललं की ओळ मोडते, कारण प्रत्येक नावाचं वजन वेगळं. मग म्हणणारी आत्या सूर ओढत-ओढत नावापाशी येते, तिथे अडखळते, आणि नवरी खाली बघून हसते.

यमक जुळलं म्हणजे मंगलाष्टका झाली, असंही नाही. मलाही सुरुवातीला हेच वाटायचं. वहीत छान वाटणारी ओळ चालीत बसता बसायची नाही आणि का बसत नाही ते कळायचं नाही. कारण एकच: चाल ठरलेली आहे, कारण वृत्त ठरलेलं आहे. वृत्ताचं नाव शार्दूलविक्रीडित. शाळेत ‘म स ज स त त ग’ पाठ केलं असेल. तेच आता उपयोगाला येतं.

एका ओळीत १९ अक्षरं. बाराव्या अक्षरानंतर थांबा, मग सात अक्षरं. लघु म्हणजे ल, गुरू म्हणजे गा धरलं तर ओळ अशी:

गा गा गा ल ल गा ल गा ल ल ल गा । गा गा ल गा गा ल गा

चौकटीच्या वहीत १९ घरं आखा, वर हे लिहून ठेवा आणि एका घरात एक अक्षर भरा. कागद-पेन्सिलच घ्या, मोबाईलवर हे होत नाही.

मोजायचं कसं? ऱ्हस्व अक्षर लघु, दीर्घ अक्षर गुरू. अनुस्वार असलेलं गुरू, म्हणून ‘मंगल’मधला ‘मं’ गुरू. जोडाक्षराच्या आधीचं अक्षरही गुरू, पण जिभेचा जोर त्यावर येत असेल तरच. ‘तुम्ही’मधल्या ‘तु’वर जोर येत नाही, तो लघुच. आणि सगळ्यात जास्त लोक फसतात ते शेवटच्या अक्षराला. बोलताना आपण ‘समीर्’ म्हणतो, ‘आज्’ म्हणतो. गाताना ‘र’ आणि ‘ज’ पूर्ण म्हटले जातात. ते मोजायचे. समीर तीन अक्षरी, आज दोन अक्षरी.

उदाहरण बघा:

अंबेच्या नगरीत आज जमले आप्तेष्ट सारे इथे

अं-बे-च्या हे तीन गुरू, न-ग-री हे लघु लघु गुरू, ‘त आज’ हे लघु गुरू लघु, ‘जमले’ हे लघु लघु गुरू. बारा झाली, इथे श्वास. मग ‘आप्तेष्ट सारे इथे’ ही सात. सूर लावून म्हणून बघा, कुठेही ओढावं लागत नाही.

आता काम उलट्या बाजूने सुरू करा. आधी भाव, मग शब्द, मग नावं असं करू नका. आधी नावं बसवा. नावाचा एकेक अक्षराचा ठसा काढा आणि वरच्या १९ घरांत तो कुठे सापडतो ते बघा. प्राजक्ता म्हणजे गा गा गा, म्हणजे ओळीची सुरुवात आयतीच मिळाली. अनिकेत म्हणजे ल ल गा ल, तो चौथ्या घरापासून बसतो. दोघं शेजारी येतात, यापेक्षा काय हवं:

प्राजक्ता अनिकेत हासत उभे, कुर्यात् सदा मंगलम्

समीर सातव्या घरात बसतो. सायली ओळीच्या शेवटी बसते. ओंकार विरामानंतर लगेच येतो: ‘ओंकार आहे उभा’. सुजाता मात्र ओळीच्या पहिल्या अर्ध्यात नीट बसणारच नाही, कितीही डोकं फोडा. ल गा गा हा ठसा तिथे विरामावर तुटतो. तिला दुसऱ्या अर्ध्यात न्या: ‘झाली सुजाता वधू’. नाव कुठेच बसत नसेल तर घरातलं लाडाचं नाव घ्या. पण सुजाताची ‘सुजता’ करू नका. लग्नाच्या दिवशी माणसाचं नाव मोडायचं नसतं.

गावाचंही तसंच. ‘कोल्हापूरच्या’ ओळीत अडतं, सलग पाच गुरू होतात. ‘करवीर’ चालतं, कारण त्याचा ठसा अनिकेतसारखाच. ‘रंकाळा’ सुरुवातीला येतो. पंचगंगा दुसऱ्या अर्ध्यात:

साक्षीला असते सदैव जवळी ती पंचगंगा नदी

कडव्याच्या चार ओळींतली चौथी ओळ सोपी आहे, आणि हे कुणी सांगत नाही. ‘कुर्यात् सदा मंगलम्’ ही बरोबर सात अक्षरं आहेत, त्याच ठशाची. म्हणजे चौथ्या ओळीची फक्त पहिली बारा अक्षरं तुमची. दोघांची नावं तिथेच घाला. शेवटी नावं आली की पाव्हण्यांनाही कळतं, आता अक्षता टाकायच्या.

काही गोष्टींवर माझा हट्ट आहे. ‘हो’, ‘ते’, ‘ही’, ‘बरे’ असले भराव एका कडव्यात एकच चालेल. दोन झाले तर ओळ फाडून पुन्हा लिहा. विरामावर शब्द तोडू नका. आणि नातेवाइकांची यादी करू नका. आई-वडिलांवर एक कडवं लिहा, आजी-आजोबांना त्यातच घ्या आणि थांबा. एका मामाचं नाव घेतलं आणि दुसऱ्याचं राहिलं की तो मामा जेवायला थांबत नाही. मग तुम्ही वृत्तात कितीही पक्के असा.

कडव्यांत खरं काहीतरी घाला. ती राधानगरी रोडला स्कूटर शिकली, तो रात्री अकराला चहा मागतो, दोघांची पहिली भेट महाद्वार रोडच्या गर्दीत झाली, असं. ‘चंद्र-चांदणी’, ‘राजा-राणी’ सगळ्यांच्या मंगलाष्टकांत असतात. ऐकणारे त्या वेळी जेवणाची पंगत कुठे बसणार ते शोधत असतात.

घरातली जुनी मंडळी म्हणतील, ‘असं कुठं असतंय व्हय?’ असतंय. जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक पद्धतीच्या लग्नांसाठी वेगळ्या मंगलाष्टका रचल्या आणि १८८७ साली छापल्या, त्यात वधू-वर स्वतः एकमेकांना वचन देतात. शाहू महाराजांच्या गावात तरी ही अडचण येऊ नये. गुरुजींना मात्र पंधरा दिवस आधी भेटा. पहिली आणि शेवटची संस्कृत त्यांची, मधल्या तीन तुमच्या, एवढ्यावर बहुतेक गुरुजी खुशीने तयार होतात. आयत्या वेळी माईक हिसकावून घेतलात तर त्यांचंही चुकत नाही.

वेळेचं गणित करा. सुरात म्हटलं तर एक कडवं साधारण मिनिटभर घेतं. मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा असेल तर पाच कडव्यांना साडेबाराला तोंड फुटलं पाहिजे, आणि शेवटचं ‘सावधान’ मुहूर्तावर पडलं पाहिजे. आठ लिहिल्या तर आठही म्हणायचा मोह होतो. म्हणून पाचच ठेवा.

म्हणायला दोघी जणी घ्या, एकीला खोकला आला तर दुसरी सांभाळते. दोघींनी आधी एकदा उभं राहून, माईकशिवाय, मोठ्याने म्हणून बघा. बसून म्हटलेलं आणि उभं राहून म्हटलेलं यात श्वासाचा फार फरक पडतो. कागद मोठ्या अक्षरांत छापा, विरामाच्या जागी लाल रेघ मारा आणि जाड पुठ्ठ्यावर चिकटवा. पंख्याच्या वाऱ्यात साधा कागद उडतो. प्रत्येक ‘सावधान’ला पाव्हणे अक्षता उधळतात तेव्हा तोंड मिटून खाली बघा. निम्म्या अक्षता नवऱ्या मुलाऐवजी म्हणणाऱ्यांवर येतात आणि माईकच्या जाळीत तांदूळ अडकून बसतात. हलगीवाल्यांना आणि बँडवाल्यांना स्पष्ट सांगा: शेवटच्या ‘सावधान’आधी एकही ठोका नाही. एका माणसाला फक्त त्यांच्याकडे बघत उभं करा. हे काम धाकट्या दाजींना द्या, त्यांना त्या वेळी दुसरं काही नसतं.

लग्नानंतर

विवाह नोंदणी महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्यानुसार ९० दिवसांत करायची असते. तीन साक्षीदार, लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही आणि कागदपत्रांत लग्नपत्रिका लागते. पत्रिकेवर ‘आमच्या अंगणात, मावळत्या उन्हात’ एवढंच छापलं असेल तर खिडकीवरचा माणूस कौतुक करत नाही, प्रतिज्ञापत्र मागतो. म्हणून पूर्ण नावं, तारीख आणि पत्ता. चार पत्रिका वेगळ्या काढून ठेवा, नाहीतर वाटून संपतात. आणि गुरुजींची सही लग्नाच्या दिवशीच, दक्षिणा देताना घ्या. पुढचे दोन महिने मुहूर्त असले तर ते फोन उचलत नाहीत.