ऑफिसातला वाय-फाय ॲक्सेस पॉइंट सुरक्षित आहे का? असं तपासा

छतावरची ती पांढरी चकती, म्हणजे वाय-फाय पुरवणारा ॲक्सेस पॉइंट, बसवतात त्या दिवशी सगळे तिच्याकडे बघतात. पुढे वाय-फाय चालू आहे तोवर कुणी मान वर करून बघत नाही. छोट्या व्यवसायांत हे सर्रास होतं, आणि नेटवर्कमध्ये घुसू बघणाऱ्याला तेच हवं असतं.

जुलै २०२५ मध्ये एचपीई (ह्युलेट पॅकार्ड एंटरप्राइझ) या कंपनीने आपल्या ‘अरुबा इन्स्टंट ऑन’ ॲक्सेस पॉइंटमधला एक दोष जाहीर केला. हे ॲक्सेस पॉइंट छोट्या व्यवसायांसाठीच विकले जातात. सुरक्षा दोषांच्या जाहीर यादीत (सीव्हीई) त्याचा क्रमांक सीव्हीई-२०२५-३७१०३, गांभीर्य १० पैकी ९.८. उपकरणाच्या फर्मवेअरमध्येच, म्हणजे ते चालवणाऱ्या आतल्या सॉफ्टवेअरमध्येच, लॉगिनची माहिती कायमची लिहिलेली होती. ती ज्याला सापडेल, तो थेट ॲडमिन होऊन आत जाऊ शकत होता. ३.२.०.१ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांना धोका होता, ३.२.१.० मध्ये दुरुस्ती आली. म्हणजे तुमचा पासवर्ड कितीही अवघड असता तरी इथे त्याचा काडीचा उपयोग नव्हता. कुलूप तुम्ही बदललंत, पण दुसरी किल्ली कारखान्यातच बनली होती.

हे एकाच कंपनीचं दुखणं नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये झायक्सेलच्या अनेक ॲक्सेस पॉइंटमध्ये असा दोष निघाला की, मुद्दाम घडवलेली एक कुकी (ब्राउझर पाठवतो तो माहितीचा छोटा तुकडा) पाठवली की लॉगिन न करताच उपकरणाला हुकूम देता येत होते. त्याचंही गांभीर्य ९.८. म्हणून ‘आम्ही पासवर्ड बदललाय’ एवढ्यावर समाधान मानू नका.

आधी मोजदाद करा. किती ॲक्सेस पॉइंट आहेत, कुठे आहेत, हे कागदावर लिहा. गोदाम, जिना, फॉल्स सीलिंगची वरची बाजू, काहीही सोडू नका. प्रत्येकाच्या मागच्या स्टिकरचा फोटो काढा. त्यावर मॉडेल नंबर असतो आणि बऱ्याचदा हार्डवेअरची आवृत्तीही. ती महत्त्वाची आहे, कारण मॉडेल एकच असलं तरी हार्डवेअर वेगळं असेल तर फर्मवेअर वेगळं लागू शकतं. चुकीचं चढवलं तर उपकरण कायमचं बंद पडू शकतं.

मग ॲडमिनच्या पानावर किंवा कंपनीच्या ॲपमध्ये जाऊन फर्मवेअरची आवृत्ती बघा आणि कंपनीच्या सुरक्षा सूचनेतल्या आकड्याशी ताडून पाहा. इथे पुष्कळांची गफलत होते. हा आकडा दशांश अपूर्णांकासारखा वाचायचा नाही. टिंबांनी वेगळी केलेली प्रत्येक संख्या सुटी धरायची आणि डावीकडून तुलना करायची. २.१० ही आवृत्ती २.९ च्या नंतरची आहे, आधीची नाही.

अपडेट काम संपल्यावर, सगळे घरी गेल्यावर करा. आधी सेटिंगचा बॅकअप घ्या. फर्मवेअर फक्त कंपनीच्या अधिकृत साइटवरून घ्या, आणि शक्य असेल तर लॅपटॉप वाय-फायऐवजी केबलने जोडा. मध्येच वीज जाऊ देऊ नका. बऱ्याच ॲक्सेस पॉइंटना वीज नेटवर्क केबलमधूनच मिळते, तेव्हा यूपीएसवर तो नेटवर्क स्विचही हवा ज्याला ही केबल जोडली आहे. उपकरण पुन्हा चालू झालं की आवृत्ती परत बघा. ‘अपडेट यशस्वी’ या संदेशावर विसंबू नका, आकडा डोळ्यांनी बघा.

कंपनीने त्या मॉडेलला अपडेट देणं बंद केलं असेल, तर ते काढून नवीन बसवा. ते ठणठणीत चालतंय म्हणून ठेवावंसं वाटतं, पण त्यातलं भोक आता कुणीच बुजवणार नाही.

यानंतर ॲडमिनचा पासवर्ड बदला. वाय-फायचा पासवर्ड वेगळा आणि ॲडमिनचा वेगळा. पहिला पाहुण्यांना सांगतो, दुसरा कुणालाच नाही. ॲडमिन खात्यांच्या यादीत अनोळखी नाव दिसलं तर उपकरण फॅक्टरी रीसेट करा, नवीन फर्मवेअर चढवा आणि सेटिंग हातानेच पुन्हा भरा. जुना बॅकअप टाकलात तर ते नाव त्याच्यासोबत परत येईल. इंटरनेटवरून ॲडमिन पान उघडण्याची सोय चालू असेल तर बंद करा.

शेवटी एक चाचणी, दोन मिनिटांची. फोनचा मोबाइल डेटा बंद करा, गेस्ट वाय-फायला जोडा आणि ब्राउझरमध्ये ॲक्सेस पॉइंटचा आयपी पत्ता टाका. लॉगिनचं पान उघडलं, तर तुमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा त्या दारापर्यंत पोहोचू शकतो. गेस्ट नेटवर्क वेगळ्या व्हीलॅनवर (त्याच उपकरणांवरच्या स्वतंत्र कप्प्यासारख्या नेटवर्कवर) टाका, तिथून ॲडमिन पानाकडे जाणारी वाट बंद करा आणि फोन घेऊन पुन्हा तीच चाचणी करा. पान उघडायचं थांबेपर्यंत काम झालं असं धरू नका.