कुत्रा मोकळा सोडला की हाकेला येत नाही? या चुका टाळा

ज्वारी काढून झाली की मराठवाड्यातलं शिवार उघडं पडतं. आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, दावं सोडलं की कुत्रा दोन वावरं ओलांडून जातो आणि मालक बांधावर उभा राहून घसा कोरडा करतो. मग म्हणायचं, कुत्राच वांड आहे. बहुतेक वेळा तो वांड नसतो. हाकेला गेलं की आपलं नुकसान होतं, हे त्याला आपणच शिकवलेलं असतं.

सकाळी सोडलेला कुत्रा तासभर मनसोक्त हिंडतो. मग हाक येते, तो येतो आणि गळ्यात साखळी पडते. संध्याकाळी पुन्हा तेच. कधी बोलावून अंगावर पाणी ओतायचं, कधी गोचीड काढायचे, कधी जबडा उघडून औषध पाजायचं. आणि उशिरा आला तर काठी. यातली काठी सगळ्यात घातक. अर्ध्या तासापूर्वी पळालो म्हणून मार बसतोय, हे कुत्र्याला कळत नाही. मालकाजवळ गेल्यावर मार बसतो, एवढंच कळतं. पुढच्या वेळी तो चार हातांवर थांबून अंदाज घेतो, आणि त्यालाच आपण ‘हुशारी करतोय’ म्हणतो. राग कितीही आला तरी परत आलेल्या कुत्र्याला कधीही मारू नका.

दहा वेळा बोलावलंत तर आठ-नऊ वेळा खाऊ द्या, पाठीवर हात फिरवा आणि पुन्हा मोकळा सोडा. हाक म्हणजे हिंडणं संपलं, ही त्याच्या डोक्यातली गाठ यानेच सुटते. बांधायचं किंवा अंघोळ घालायची असेल तेव्हा हाक मारू नका, स्वतः चालत जाऊन त्याला घेऊन या. खाऊ देतानाही आधी गळपट्ट्याला हात लावायचा, मग घास द्यायचा. नाहीतर कुत्रा येतो, घास उचलतो आणि हात पुढे येताच सटकतो.

हाक कोणती आणि किती वेळा

आजी ‘ये रे वाघ्या’ म्हणते, पोरं ‘कम’ म्हणतात, सालगडी ‘यू-यू’ करतो. ‘यू-यू’ तर अख्खं गाव करतं. परतीसाठी एकच शब्द ठरवा आणि तो घरातल्या सगळ्यांनी तसाच वापरा. शेतावर शिट्टी त्याहून चांगली. तूर किंवा ऊस उभा असताना कुत्र्याला आपण दिसत नाही, शिट्टी मात्र लांबवर पोचते आणि तिच्यातून आपला राग ऐकू जात नाही.

हाक एकदाच मारा. आठ वेळा ओरडून नवव्यांदा तो आला, तर पहिल्या आठ हाका सोडून द्यायच्या असतात हे तो शिकला. येईल याची खात्री नसेल तर हाक न मारता जाऊन आणणं बरं.

बक्षिसात कंजूषी नको. भाकरी त्याला रोजच मिळते, तिच्यासाठी घोरपडीचा माग कोण सोडेल? उकडलेलं अंडं किंवा बिनमिठाची उकडलेली कलेजी यांचे बारीक तुकडे खिशात ठेवा. रश्श्यातलं मटण देऊ नका, कारण कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशींना इजा होते. आणि सराव जेवणाआधीच करा.

दोर काढायची घाई

तीन-चार महिन्यांचं पिल्लू आपसूक पायात घोटाळतं. ते पाहून मालकाला वाटतं, आपलं पिल्लू शिकलं. सहाव्या-सातव्या महिन्यापासून ते वयात येऊ लागतं, वासामागे आणि दुसऱ्या कुत्र्यांमागे जाऊ लागतं, आणि इथेच बहुतेक जण हात टेकतात. या काळात दहा-पंधरा मीटरचा लांब दोर लागतोच. घरातला हलका सुती कासरा जोडून घेतला तरी चालतो. नायलॉनचा दोर तळहात सोलून काढतो. दोर गळपट्ट्याला न बांधता छातीपट्ट्याला बांधा, पळत्या कुत्र्याच्या मानेला बसणारा हिसका वाईट असतो.

आधी अंगणात, मग आखाड्यावर, मग उघड्या वावरात. जागा बदलली की धडा पुन्हा सोप्यापासून सुरू करा. अंगणात ऐकतो म्हणून बांधावरही ऐकेल, असं होत नाही. मेंढ्यांचा कळप किंवा परकी कुत्री आधी खूप लांबून दाखवा, अंतर हळूहळू कमी करा. कळप जवळून जात असताना पहिल्या हाकेला वळला आणि हे अनेक दिवस टिकलं, तरच दोर सोडा. उन्हाळ्यात हे सगळं सूर्य वर यायच्या आत उरका, तापलेल्या जमिनीने पंजे भाजतात.

‘छू’ म्हणणं बंद करा

पोरं गंमत म्हणून कुत्र्याला डुकरावर, वानरावर ‘छू’ करतात. पाठलागाची चटक लागलेल्या कुत्र्याला अंड्याचा तुकडा फिका वाटणारच. लातूरकडची कारवान आणि पश्मी कुत्री तर नजरेवर शिकार करणारी. ससा उठला की हाक त्यांच्या डोक्यात शिरतच नाही. कान ताठ, मान वर, अंग गोठल्यासारखं स्थिर, या क्षणी हाक लागू पडते, धाव सुरू झाल्यावर नाही. यातले काही कुत्रे कितीही शिकवले तरी उघड्या माळावर मोकळे सोडण्याजोगे होत नाहीत. त्यांना कुंपणाच्या आत पळू द्या, बाहेर लांब दोर ठेवा. यात कमीपणा काहीच नाही. काळवीट किंवा सशामागे कुत्रा घालणं ही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारच ठरते.

शिकलेला कुत्राही काही ठिकाणी दोरातच हवा: रस्त्याकडेला, माळेगावच्या यात्रेसारख्या गर्दीत, बिनकठड्याच्या विहिरीजवळ. प्लास्टिक अंथरलेलं शेततळं तर सगळ्यात फसवं. पाणी प्यायला उतरलेला कुत्रा घसरतो आणि त्या गुळगुळीत उतारावरून त्याला वर येता येत नाही. तळ्याच्या कडेने गाठी मारलेला जाड दोर किंवा जाळी सोडून ठेवा, माणसाच्याही कामी येईल. रेबीजची लस चुकवू नका आणि गळपट्ट्यावर आपला फोन नंबर लिहून ठेवा.

तरीही कधी पळालाच, तर मागे धावू नका. त्याला तो शर्यतीचा खेळ वाटतो. तुम्ही उलट्या दिशेने पळा, नाहीतर खाली बसून जमिनीवर काहीतरी शोधल्यासारखं करा, पुष्कळ कुत्रे कुतूहलानेच परत येतात. नजरेआड गेला तर जिथून सुटला तिथे एकाने थांबायचं आणि बाकीच्यांनी आधी आसपासच्या विहिरी आणि शेततळी बघून यायची.