भूकंपाच्या खऱ्या नोंदींवर पदवी वर्गाचे प्रात्यक्षिक कसे घ्यावे

भूशास्त्राच्या पदवी वर्गात भूकंपाचे प्रकरण बहुधा नाभी, अधिकेंद्र आणि लहरींच्या आकृत्या काढण्यात संपते, आणि आकडे आलेच तर ते क्रमिक पुस्तकातल्या तयार तक्त्यातून येतात. त्याऐवजी दोन-दोन तासांच्या तीन प्रात्यक्षिकांत विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष नोंदींवर काम करायला लावता येते, आणि त्यासाठी इंटरनेट व कोणतीही स्प्रेडशीट एवढे पुरते. पथ्य एकच पाळावे: शिक्षकाने फाइल आधी साफसूफ करून देऊ नये. पहिल्या वर्षी मी ती तशी करून दिली होती. सगळ्यांचे आलेख सारखे आले, सगळ्यांची जर्नले वेळेत आली आणि कोणीही एकसुद्धा प्रश्न विचारला नाही.

अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेची, म्हणजे यूएसजीएसची, जागतिक भूकंपसूची सर्वांना मोफत खुली आहे. तिच्या शोधपानावर 15.5 ते 22 उत्तर अक्षांश आणि 72.5 ते 81 पूर्व रेखांश असा चौकोन द्यावा, 1960पासून आजपर्यंतचा काळ निवडावा आणि मॅग्निट्यूड, म्हणजे भूकंपाचा एकूण आकार सांगणारा आकडा, 4 व त्यावरील असलेल्या नोंदी सीएसव्ही फाइलमध्ये (स्प्रेडशीटमध्ये उघडणाऱ्या साध्या तक्त्यात) उतरवून घ्याव्यात. महाराष्ट्र चौकोनी नसल्यामुळे शेजारच्या राज्यांतले काही धक्के त्यात येणारच. ते नकाशावर ओळखून वेगळे काढणे हे विद्यार्थ्यांचे पहिले काम. वर्तमानपत्रे ज्याला सरसकट ‘तीव्रता’ म्हणतात तो आकडा मॅग्निट्यूडचा असतो आणि तो भूकंपाला मिळून एकच असतो, तर तीव्रता, म्हणजे धक्का त्या जागी किती जाणवला ते, गावागणिक बदलते, हा खुलासा येथेच करून टाकावा.

त्यानंतर किल्लारीचा भूकंप शोधायला सांगावे. आपल्याकडे प्रत्येकाला 30 सप्टेंबर 1993 ही तारीख ठाऊक असते. सूचीत मात्र त्या दिवशी तो सापडत नाही. वर्गात कुजबुज सुरू होते, कोणी फाइल अपुरी उतरली असे म्हणतो, कोणी पुन्हा उतरवून पाहतो. शिक्षकाने या वेळी गप्प राहावे, कारण दहा-पंधरा मिनिटांत कोणाच्या तरी लक्षात येते की 29 सप्टेंबरला 22 वाजून 25 मिनिटांनी एक मोठी नोंद आहे, आणि सूचीतली वेळ जागतिक प्रमाणवेळ असल्यामुळे तिच्यात साडेपाच तास मिळवले की आपली पहाटेची 3.55 ही वेळ येते. अनंत चतुर्दशीच्या विसर्जनाहून परतून लोक झोपले होते ती हीच पहाट, हे लातूर-धाराशिवकडचा एखादा विद्यार्थी घरी ऐकलेल्या आठवणींवरून सांगतो, आणि मग तक्त्यातली ती ओळ निव्वळ ओळ राहत नाही. कोयनेच्या 11 डिसेंबर 1967च्या भूकंपाचेही तसेच आहे. सूचीत तो 10 तारखेला आहे. (एक्सेलमध्ये वेळेचा स्तंभ पुष्कळदा तारीख म्हणून न उघडता मजकूर म्हणून उघडतो, कारण तारीख आणि वेळ एका अक्षराने जोडलेल्या असतात, पहिली दहा चिन्हे वेगळी काढली की अडचण मिटते.)

दुसऱ्या प्रात्यक्षिकात खोलीचा स्तंभ क्रमाने लावून कोणता आकडा किती वेळा येतो ते मोजायला सांगावे. 10 आणि जुन्या नोंदींत 33 किलोमीटर हे आकडे संशय यावा इतक्या वेळा दिसतात. निसर्गाला या दोन आकड्यांचे प्रेम नाही. जवळ पुरेशी भूकंपमापन केंद्रे नसली की उथळ भूकंपाची खोली नीट ठरवता येत नाही, म्हणून गणितात ती ठरावीक धरून बाकीचे उत्तर काढले जाते. तेव्हा हे आकडे घेऊन ‘महाराष्ट्रातील भूकंप 10 किलोमीटरवर होतात’ असा निष्कर्ष कोणी लिहिला, तर तो खोडून न टाकता वर्गापुढे चर्चेला घ्यावा.

गुटेनबर्ग-रिश्टर संबंधासाठी, म्हणजे मॅग्निट्यूड वाढते तशी भूकंपांची संख्या कशी घटते ते पाहण्यासाठी, महाराष्ट्राच्या नोंदी फार थोड्या पडतात, म्हणून संपूर्ण जगाची एका वर्षाची, मॅग्निट्यूड 5 व त्यावरील यादी घ्यावी. प्रत्येक अर्ध्या एककापाशी ‘इतका किंवा याहून मोठा’ असे किती धक्के आहेत ते मोजून त्या संख्येचा लॉगॅरिदम मांडला की जवळजवळ सरळ रेषा मिळते आणि तिचा उतार 1च्या आसपास येतो; मॅग्निट्यूड एकाने वाढले की संख्या सुमारे दहापट घटते. आता 2.5पासूनची यादी मागवावी, मात्र एका वेळी 20,000 नोंदींची मर्यादा असल्यामुळे सहा महिन्यांचीच. लहान मॅग्निट्यूडकडे रेषा वाकून सपाट होते. छोटे धक्के कमी झाले नसून ते सगळीकडे टिपले जात नाहीत, हे कळण्यासाठी तेच बिंदू नकाशावर टाकायला लावावेत: अमेरिकेत ते दाट दिसतात, भारतात विरळ.

कोयना शेवटी ठेवावी, कारण तिथले भूकंप धरणामुळे होतात असे विद्यार्थ्यांचे मत आधीच बनलेले असते. जलाशयात पाणी साठू लागले 1962च्या सुमारास आणि 6.3 मॅग्निट्यूडचा धक्का बसला 1967मध्ये. जलाशयामुळे उद्भवलेल्या भूकंपांचे हे जगभर अभ्यासले जाणारे उदाहरण आहे. तरीही पाऊस सरल्यावर, जलाशय भरलेला असताना, धक्के वाढतात का, हे महिनावार स्तंभालेख काढून पाहायला सांगावे, आणि डिसेंबरच्या स्तंभात 1967च्या मुख्य धक्क्यामागोमाग आलेले धक्के किती आहेत ते मोजायला लावावे. ते वगळून आलेख पुन्हा काढायला लावावा, उरलेल्या नोंदी एवढ्या निष्कर्षाला पुरेशा आहेत का ते विचारावे, आणि लहान धक्क्यांसाठी राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राची सूची ताडून पाहायला सांगावी.

गुण देताना मी आलेखाला निम्मे देतो; उरलेले निम्मे, कोणत्या ओळी वगळल्या आणि का वगळल्या, हे जर्नलच्या डाव्या पानावर लिहिले असेल तरच मिळतात.